खोडदची दुर्बीण बघायला जाताना: परवानगीपासून परतीपर्यंत

खोडदला जाऊन आलेल्या माणसाला घरी आणि ऑफिसात एकच प्रश्न विचारला जातो, “मग, दुर्बिणीतून काय दिसलं?” खरं उत्तर असं, की काहीच दिसत नाही. खोडदची जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी रेडिओ दुर्बीण आहे, तिला डोळा लावायची जागाच नाही. शनीची कडी बघायला मिळेल म्हणून पोरांना गाडीत कोंबून दोन-अडीच तास नेलं आणि भर दुपारी जाळीच्या तबकड्या दाखवल्या, तर पोरं हिरमुसणारच. आपण काय बघायला चाललोय हे आधी ठाऊक असेल, तर मात्र पुण्यातून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी याहून भारी जागा मला तरी माहीत नाही.

तेव्हा निघण्याआधी एवढं ठरवून टाका: तुम्हाला दुर्बीण बघायची आहे, की दुर्बिणीतून बघायचं आहे? दोन्हींचे दिवस वेगळे, वेळा वेगळ्या, तयारीही वेगळी. पहिल्यासाठी खोडद, तेही दिवसाउजेडी. दुसऱ्यासाठी शहराबाहेरचा अंधार आणि पाऊस नसलेले महिने. दोन्ही एकाच फेरीत उरकायचा हट्ट धरू नका. या लेखात खोडदबद्दल जास्त लिहिलंय, कारण तिथे तयारी न करता जाणारे लोक फार. रात्रीच्या आकाशाबद्दल शेवटी.

तिथे नेमकं आहे काय

पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर खोडद हे गाव आहे. तिथे आणि आसपासच्या शिवारात मिळून ३० अँटेना उभ्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ अँटेना साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या मधल्या चौकात आहेत. उरलेल्या १६ पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन हातांवर लांबवर पसरल्या आहेत. सगळ्यात दूरच्या दोन अँटेनांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर भरतं. म्हणजे तुम्ही जिथे पोचता तो दुर्बिणीचा फक्त मधला भाग. बाकीची दुर्बीण कांद्या-उसाच्या रानांतून पसरलेली असते आणि एखादी अँटेना वाटेत गाडीतूनच दिसून जाते.

ही दुर्बीण उभी राहिली ती डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून. त्यांनी त्याआधी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण उभारली होती, ती १९७० मध्ये सुरू झाली. खोडदचं काम नव्वदच्या दशकात झालं आणि २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना तिथे निरीक्षणासाठी वेळ मागता येऊ लागला. ती चालवते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए. त्यांचं मुख्य कार्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत आहे.

खोडदच का, हा प्रश्न तिथे हमखास विचारला जातो, म्हणून थोडक्यात सांगतो. आजूबाजूच्या टेकड्या शहरांचा रेडिओ गोंगाट अडवतात. वारा फार नाही, बर्फाचा तर प्रश्नच नाही. एवढ्या खालच्या अक्षांशावरून दक्षिणेकडचं बरंचसं आकाशही हाती लागतं. आणि पुणं जवळ असल्यामुळे माणसं आणि सामान नेणं सोपं.

वार, परवानगी आणि अर्ज

सर्वसामान्य लोकांनी जीएमआरटी बघायला जायचं ते शुक्रवारी, आणि आधी परवानगी घेऊन. “चला, रविवारी मोकळेच आहोत” म्हणून गाडी काढलीत तर फाटकावरून दुर्बिणीचा फोटो काढून परत यावं लागेल, आणि फोटोसाठी मोबाईल तरी तिथे कुठे काढता येतोय! एनसीआरएच्या संकेतस्थळावर भेटीसंबंधी सूचना असतात. त्या त्याच आठवड्यात वाचून घ्या. कुणाच्या तरी पुतण्यानं मागच्या साली सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका.

अर्ज लिहिताना गटाची खरी संख्या, त्यात मुलं किती आणि कोणत्या इयत्तेतली, सोबत जबाबदार मोठी माणसं किती, कोणत्या शुक्रवारी यायचंय आणि तो नाही मिळाला तर दुसरा कोणता चालेल, एवढं एकाच पत्रात येऊ द्या. शाळेचा किंवा कॉलेजचा गट असेल तर पत्र संस्थेच्या लेटरहेडवर आणि मुख्याध्यापकांच्या सहीनिशी असलेलं बरं. गटाला समजावून सांगणारा माणूस मराठीत बोलला तर बरं होईल, हेही त्यातच नम्रपणे लिहा. पाचवी-सहावीच्या मुलांसमोर इंग्रजीतलं पाऊण तासाचं व्याख्यान वाया जातं. परवानगीची छापील प्रत आणि मोठ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा.

आता महिना कोणता? इथे लोकांची एक समजूत आड येते. आकाश निरभ्र हवं, म्हणून सगळे थंडीतच अर्ज करतात. पण रेडिओ लहरींना ढगांचं काही वाटत नाही. या दुर्बिणीचं काम दिवसा चालतं, रात्री चालतं, पावसातही चालतं. त्यामुळे श्रावणातला एखादा शुक्रवार उत्तम. टेकड्या हिरव्यागार, ऊन कमी आणि गर्दीही बेताची. छत्री आणि चिखलात चालतील अशा चपला-बूट घ्या म्हणजे झालं. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र लहान मुलांना नेऊ नका. मधल्या चौकात सावली शोधावी लागते.

मोबाईल बंद म्हणजे बंद

हा भाग गटातल्या प्रत्येकाला निघण्याच्या आदल्या दिवशीच सांगा. फाटकावर सांगितलं की वाद होतात.

आकाशातून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात, की ते मोजायला जान्स्की नावाचं वेगळं एकक वापरतात. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एका हर्ट्‌झमागे, एका वॉटला एकावर सव्वीस शून्यांनी भागल्यावर उरेल तेवढी शक्ती. तुमच्या खिशातला मोबाईल चंद्रावर नेऊन ठेवला आणि त्याने तिथून टॉवर शोधायला सुरुवात केली, तरी खोडदहून तो आकाशातल्या बहुतेक सगळ्या स्रोतांपेक्षा ठळक दिसेल. आणि आपण तर तो तबकडीच्या पायथ्याशी घेऊन उभे! सायलेंटवर टाकलेला फोन तेवढाच बडबड करत असतो, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून पूर्ण बंद करा. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ, ब्लूटूथचे इअरफोन, मुलांच्या हातातली रिमोटची खेळणी हीसुद्धा त्याच यादीत येतात. कॅमेऱ्याबद्दल फाटकावर जे सांगतील तेच अंतिम.

या शांततेची किंमत मोठी आहे. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या मार्गावरून गेली काही वर्षं जो घोळ चालू आहे, त्यामागे ही दुर्बीण हेच मोठं कारण सांगितलं जातं. त्या रेल्वेसाठी नारायणगाव-जुन्नरकडचे लोक किती आतुर आहेत हे ठाऊक असेल, तर तिथल्या माणसांशी बोलताना या विषयावर जरा जपून बोला.

मोबाईल बंद असणार म्हणून दोन सोयी करून ठेवा. गटाची भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून प्रत्येकाला द्या. आणि मुलांकडे वही-पेन्सिल असू द्या. तबकडीचं चित्र काढायला बसलेलं मूल तिच्याकडे फोटो काढणाऱ्यापेक्षा दसपट वेळ बघतं.

रस्ता

गाडीनं जाणाऱ्यांनी नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव असा सरळ पुणे-नाशिक महामार्ग धरावा. सगळा जीव अडकतो तो मोशी ते चाकण या टप्प्यात. शुक्रवार म्हणजे कारखान्यांचा दिवस, त्यामुळे कामगारांच्या बसगाड्या आणि कंटेनर यांच्यामध्ये सापडलात की एक तास तिथेच जातो. सकाळी सातच्या आत भोसरी मागे टाकलीत तर पुढचा रस्ता चांगला आहे. आता वाटेत बाह्यवळणं झाली आहेत. नादानादात नारायणगावच्या बाह्यवळणाने सुसाट पुढे निघून जाऊ नका, खोडदचा फाटा धरायला नारायणगावचीच खूण लक्षात ठेवावी लागते. नकाशा मोबाईलवरच असेल तर शेवटची काही वळणं आधीच कागदावर उतरवून घ्या.

एसटीनं जायचं तर शिवाजीनगरच्या गाड्या वाकडेवाडीहून सुटतात, हे आता पुणेकरांच्या अंगवळणी पडलंय. नाशिक, संगमनेर किंवा नारायणगावची कुठलीही गाडी चालेल. नारायणगावहून पुढे खोडदपर्यंत रिक्षा किंवा जीप ठरवावी, आणि ठरवतानाच परतीचंही बोलून घ्यावं. उतरल्यावर “येतो की परत” म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला तुम्ही फोन करू शकणार नाही, कारण तुमचा फोन बंद असेल.

नाश्ता नारायणगावातच उरका. मिसळ चांगली मिळते आणि तिखट असते. पाणी भरपूर सोबत न्या. हंगाम असेल तर परतताना टोमॅटोच्या बाजारापाशी गाड्यांची रांग लागते, तीही गृहीत धरा.

आत गेल्यावर तबकडीकडे कसं बघायचं

पहिल्या नजरेत सगळे तिच्या आकाराने दिपतात. ते होऊ द्या. मग पायथ्याशी, जिथवर सोडतात तिथवर जाऊन, मान वर करा आणि तबकडीतून आरपार आकाश बघा. हो, आरपार. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तो आहे स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेच्या जाळीचा. तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. जाळीची भोकं मध्यभागी १० मिलिमीटरची, कडेला जाता जाता २० मिलिमीटरपर्यंत मोठी होत जातात. जमिनीवर पडलेली सावली बघा: सांगाड्याच्या नळ्यांच्या रेघा ठळक उमटलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या भागात ऊन जवळजवळ जसंच्या तसं पडलेलं असतं.

भोकं असलेल्या जाळीवरून लहरी परत कशा फिरतात? मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात जी जाळी असते तिचंच उत्तर इथेही लागू. आतलं अन्न आपल्याला दिसतं, कारण प्रकाशाची तरंगलांबी भोकांपेक्षा फार लहान. पण आतल्या लहरी बाहेर येत नाहीत, कारण त्या भोकांपेक्षा कितीतरी लांब. खोडदला पकडल्या जाणाऱ्या लहरींची लांबी साधारण २० सेंटिमीटरपासून दोन मीटर आणि त्याहूनही पुढे जाते. त्यांच्या दृष्टीने ही जाळी म्हणजे सलग भिंत. वाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिथे जवळजवळ काहीच नाही. वारा आरपार निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो, पोलाद कमी लागतं आणि खर्च वाचतो. पोलादी दोर ताणून त्यावर जाळी बसवायची ही युक्ती स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. एवढ्या मोठ्या ३० तबकड्या भारतात परवडल्या त्या या जाळीमुळे. तिथे गेल्यावर दुसरं काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण ही जाळी नीट बघून या.

मग नजर वर न्या. तबकडीच्या मध्यातून चार पाय वर जाऊन एका पेटाऱ्याला धरून उभे दिसतात. तबकडीवर पडलेल्या लहरी परावर्तित होऊन तिथे, नाभीपाशी गोळा होतात. तिथे वेगवेगळ्या वारंवारितांसाठी लहरी पकडणारे वेगवेगळे ग्राहक (रिसीव्हर) बसवले आहेत आणि हवा तो फिरवून खाली तबकडीकडे तोंड करून आणता येतो. दुर्बिणीचं मोठं नूतनीकरण झाल्यापासून साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा बराचसा पट्टा तिला ऐकता येतो. आपलं एफएम रेडिओ केंद्र १०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास असतं, त्याच्या थोडंसं वरून सुरुवात झाली असं समजा.

नशीब चांगलं असेल तर तुम्ही तिथे असतानाच दुर्बीण एका स्रोतावरून दुसऱ्याकडे वळते. आधी मोटारींची घरघर येते, मग जाणवेल न जाणवेल अशी ती अवाढव्य वाटी कलू लागते. त्या वेळी जवळच्या तबकडीकडे बघत बसू नका, लांबच्यांकडे बघा. चौकातल्या सगळ्या तबकड्या एकाच दिशेला, एकाच कोनात वळत असतात. ३० दुर्बिणी मिळून एक दुर्बीण म्हणजे काय, हे व्याख्यानापेक्षा त्या दोन मिनिटांत जास्त कळतं. वारा फार सुटला की मात्र सगळ्यांना तोंड आभाळाकडे करून थांबवून ठेवतात.

प्रत्येक अँटेनाकडून संदेश प्रकाशीय तंतूंनी मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथे प्रत्येक अँटेनाच्या संदेशाची उरलेल्या प्रत्येकीशी तुलना होते. ३० जणांनी एकमेकांशी एकेकदा हात मिळवला तर किती वेळा हस्तांदोलन होईल? हे गणित मुलांना गाडीतच घाला. उत्तर ४३५. या ४३५ जोड्या, आणि पृथ्वी फिरते तसतशा बदलत जाणाऱ्या त्यांच्या दिशा, यांतून संगणक चित्र तयार करतो. म्हणून एकेका निरीक्षणाला काही तास लागतात. पडद्यावर झटकन फोटो उमटेल अशी वाट बघू नका.

आणखी एक गंमत मोठ्या मुलांसाठी. मधल्या चौकातल्या अँटेनांना सी-०० ते सी-१४ अशी नावं आहेत. मोजायला गेलं तर हे १५ होतात, अँटेना मात्र १४. यादीत सी-०७ नाहीच. पूर्वेच्या हातावर ई-०१ नाही, दक्षिणेच्या हातावर एस-०५ नाही. का नाहीत, ते दाखवणाऱ्यांनाच विचारायला लावा. अशा प्रश्नावर तिथली माणसं खुलतात.

काय विचारायचं

“यूएफओ पकडलंय का?” हा प्रश्न प्रत्येक गटातून येतोच, त्याला कुणी अडवू शकत नाही. पण दोन-तीन चांगले प्रश्न घरून घेऊन गेलात तर भेटीचा नूर बदलतो.

मंगळाबद्दल विचारा. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. उतरता उतरता त्याने पाठवलेला क्षीण संदेश इतक्या लांबून खोडदला ऐकला गेला. यान शेवटी आदळून फुटलं, तो भाग वेगळा.

स्पंदकांबद्दल, म्हणजे पल्सारबद्दल विचारा. मेलेल्या ताऱ्याचा शहराएवढा उरलेला गोळा, स्वतःभोवती गरगर फिरणारा. खेकडा तेजोमेघातला स्पंदक सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो. स्पंदकांचे संदेश आवाजात रूपांतरित करून ऐकवता येतात. तशी सोय असेल तर जरूर ऐका, मुलांना बाकी सगळ्यापेक्षा हे जास्त आवडतं. याच स्पंदकांना घड्याळासारखं वापरून अवकाशातल्या अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा माग काढायचं काम चालू आहे. जून २०२३ मध्ये जगातल्या वेगवेगळ्या गटांनी तशा लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं, त्यात युरोपच्या बरोबरीने भारतीय गटही होता आणि त्याची निरीक्षणं खोडदची होती.

हायड्रोजनबद्दलही विचारा. विश्वात सगळ्यात जास्त असलेला हा वायू २१ सेंटिमीटरच्या लहरीवर, म्हणजे १४२० मेगाहर्ट्‌झवर, आपोआप बोलत असतो. लांबच्या दीर्घिकांकडून येताना ती लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाते आणि वारंवारिता खाली येते. मीटरभर लांबीच्या लहरींसाठीच दुर्बीण का बांधली, याचं मोठं कारण त्यात आहे.

भेट आटोपल्यावर वेळ उरला तर ओझरचा विघ्नहर जवळच आहे, शिवनेरी आणि लेण्याद्री थोडं पुढे. सगळं एकाच दिवसात कोंबू नका, एखादंच घ्या. आणि अंधार पडायच्या आत महामार्गाला लागा. हा तालुका बिबट्यांचा आहे. संध्याकाळी उसाच्या कडेला गाडी थांबवून मुलांना मोकळं सोडणं हा शहाणपणा नव्हे, तिथले शेतकरीसुद्धा तसं करत नाहीत.

२८ फेब्रुवारीची जत्रा

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्या शाळा-कॉलेजांची मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात आणि दुर्बीणही लोकांना खुली असते. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला हा दिवस सोपा वाटेल. मला विचाराल तर गर्दीत तबकडीशी निवांत बोलणं होत नाही. पण एखाद्या आश्रमशाळेतल्या मुलीने सायकलच्या चाकातून केलेला प्रयोग तिच्या तोंडून समजून घ्यायचा असेल तर त्याच दिवशी जावं. सकाळी लवकर पोचा, डबा घरून न्या.

त्याच दिवशी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचंही दार लोकांसाठी उघडं असतं. आयुका १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने सुरू झाली, इमारत चार्ल्स कोरिया यांची. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. फोटो सगळे आइन्स्टाइनबरोबर काढतात. त्यापेक्षा तिथल्या फुकोच्या लंबकापाशी थांबा. पृथ्वी फिरते म्हणून लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळते. ध्रुवावर ती दिवसात एक फेरी पूर्ण करील, पुण्याच्या अक्षांशावर त्याच फेरीला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. अर्ध्या तासाने परत येऊन बघितलंत तरी फरक दोन-अडीच अंशांचाच, म्हणून आधी दिशा नीट लक्षात ठेवा. शाळकरी मुलांसाठी आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात, त्यांची चौकशी शाळेमार्फत करा. आयुकाची दोन मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण गिरवलीला, घोडेगावच्या बाजूला, २००६ पासून आहे. पण ती संशोधनाची. तिथे डोळा लावून आकाश बघायला मिळेल या आशेवर जाऊ नका.

आणि दुर्बिणीतून बघायचं असेल तर

पुण्याला हे वेड जुनंच. १८८८ मध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी इथल्या कॉलेज ऑफ सायन्सात, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सगळ्यात मोठी. १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला ते सगळा लवाजमा घेऊन जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज शहरात दिव्यांचा इतका उजेड आहे, की चंद्र आणि ग्रह सोडून बाकीचं बघायला बाहेरच जावं लागतं.

सगळ्यात सोपा मार्ग ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा. हौशी आकाशनिरीक्षकांची ही संस्था १९४४ पासून पुण्यात आहे, टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात. थंडीच्या मोसमात शहराबाहेर रात्रभराचे कार्यक्रम होतात आणि दुर्बिणी त्यांच्याच असतात. स्वतः दुर्बीण विकत घ्यायच्या आधी अशी एखादी रात्र काढाच. ऑनलाइन ‘५०० पट मोठं दिसेल’ म्हणून विकली जाणारी खेळणी वर्षभरात माळ्यावर जातात.

जून ते सप्टेंबर विसरा. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका बघायच्या तर अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. सोबत लहान मुलं असतील तर मात्र शुद्ध अष्टमीच्या आगेमागे जावं. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेपाशी विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खळगे हाताला लागतील असे दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो, त्याला काही अर्थ नाही.

डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि मोबाईलच्या एका झळकीने ती कमाई जाते. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरबँडने बांधा. दुर्बिणीपाशी आपला नंबर आला की हात पाठीमागे घ्या, नळीला धरायचं नाही. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा आणि फोकस लावून द्यायला सांगा, सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवा. दिसणारी गोष्ट अंधुक असेल तर थेट तिच्याकडे न बघता किंचित कडेला बघा, ती जास्त उजळ दिसते. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेच्या पेशी मंद उजेडाला जास्त संवेदनशील असतात. त्याच पेशींना रंग कळत नाहीत, म्हणून मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी आणि प्रत्यक्षात राखाडी धुक्यासारखा दिसतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

गुरू असेल तर त्याचे चार चंद्र आणि दोन पट्टे बघा, आणि शक्य असेल तर चार तासांनी पुन्हा बघा, चंद्रांनी जागा बदललेली असते. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याकडे नेमकी कड करून होती, रेघेसारखी. आता दरवर्षी ती थोडी थोडी उघडत चालली आहेत. कृत्तिका मात्र दुर्बिणीपेक्षा साध्या द्विनेत्रीतून जास्त छान.

पहाटे दोननंतर दव पडायला लागतं. कानटोपी, शाल आणि जमिनीवर अंथरायला ताडपत्री, या तीन गोष्टी न्याच. थर्मासमधला चहा सगळ्यांना पुरेल इतका न्या, नाहीतर शेजारच्या गटाच्या थर्मासकडे बघत बसावं लागतं. ज्याला सकाळी गाडी चालवायची आहे त्याने तीननंतर सरळ झोपावं, कितीही सुंदर आकाश असलं तरी. सगळे जागे राहून उजाडताच निघायचा बेत असेल, तर ड्रायव्हर वेगळा ठरवा.